शिवेवरची गळती

३ फेब्रुवारी
संयुक्त पाणीसमितीची बैठक. धरण एक, पाइपलाइन एक, नगरपालिका दोन: एक माझ्या माहेरची, एक सासरची. जितकं पाणी तितका खर्च, हे दोघांनाही कबूल. पण माहेराहून सुटतं तितकं सासरच्या टाकीत पोचत नाही. मधल्या पाण्याचे पैसे कुणी द्यायचे? माहेरचे म्हणाले, "तुमच्याकडं क्लासला आलेली पोरंच आंघोळीत संपवून राहिलीत." हसू आलं, दाबलं. आमच्या नगराध्यक्षांनी बजावलं, "ताई, तुम्ही इकडच्या नगरसेविका. माहेरपण दिवाळीला करा."
जीपमधून पाइप दिसत राहिला, ज्वारीतून चाललेला. उगाच वाटलं, आईच पाणी पाठवतेय.

९ फेब्रु.
दुपारी शिवेवर. भूकंपात पाइपाचा सांधा हलला, तो तसाच. तिथं डबकं, लव्हाळी, चार बगळे. पलीकडं पत्र्याची शेडं. भूकंपात गाव गेलेली मूठभर घरं, दोन्ही नगरपालिकांच्या हद्दीबाहेर. ही गळती हेच त्यांचं पाणी. त्या शेडांतली शरीफाबी धुणं धूत होती. मी पाइपाला कान लावला. आत कुणी झोपेत बोलतंय जणू.
"काय म्हनून राहिलाय?" तिनं विचारलं.
"बस म्हणतोय."
बसले. ऊन उतरेपर्यंत. कामं तशीच पडली, पडू देत.

१६ फेब्रु.
तडजोड ठरतेय. सांधा बंद करायचा, दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा, भांडण मिटलं. सगळे खूश. मी म्हटलं, मग त्या घरांना एक नळ द्या, तोही दोघांच्या खर्चात. माहेरचे अध्यक्ष, दत्ताकाका, बाबांचे दोस्त. म्हणाले, "पोरी, गरज हाय का ते बघू आधी." शुक्रवारी पाहणी.

१७ फेब्रु.
शरीफाबीला पढवून आले. विचारतील तेव्हा सांग, दुसरं पाणी नाही, विहीर लांब, पोरींची शाळा बुडते. "हाव, हाव," म्हणाली.
दुपारी डोळा लागला. स्वप्नात शेडांपुढं नळ, नळाखाली बगळा उभा. जागी झाले तरी हसत होते.

२१ फेब्रु.
काय करून ठेवलं बाई! पाहुणे येणार म्हणून सडा, उसनी सतरंजी, भरलेल्या घागरी ओळीनं, चहा, वर चिवडा.
काकांनी विचारलं, "पान्याची काई अडचन?"
शरीफाबीनं पदर सावरला. "न्हाई साहेब. अल्लाच्या मेहेरबानीनं काई कमी न्हाई. तुमी चहा घ्या की अजून."
कारकुनानं लिहिलं, रहिवाशांची मागणी नाही.
राग राग आला तिचा. जीपमध्ये बसल्यावर रडू आलं. दारी आलेल्यांपुढं हात कसा पसरायचा? लग्नाच्या पहिल्या वर्षी आई विचारायची, काही कमी नाही ना? मी तरी काय सांगत होते!

२४ फेब्रु.
ठरावातून नळ वगळला. सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझी राहिली. एकमत हवंय. माझी सही नसेल तर तडजोड मोडते, सांधा तसाच राहतो, आणि पाणी पोचत नाही ते माझ्याच वॉर्डात. म्हटलं, उद्या करते. काकांनी माझ्यापुढचं पेन उचलून खिशात ठेवलं. त्याचंच जास्त लागलं.

२५ फेब्रु.
सकाळीच वॉर्डातल्या बायका दारात, रिकाम्या घागरी घेऊन. "ताई, सही करा की. पोरांच्या परीक्षा आल्या, घरात थेंब न्हाई." खरंच आहे त्यांचं.
त्या गेल्या आणि शरीफाबी आली. एवढं चालत, पहिल्यांदाच माझ्या घरी. मला वाटलं, आज मागेल. पाणी दिलं. थोडंसं प्याली, पेला जपून खाली ठेवला.
"काही काम होतं का ग?"
"न्हाई, असंच. लई दिवस झाले, तुमी आल्या न्हाईत."
चारच दिवस झालेत.
गेली. एकदा तोंड उघडून मागितलं असतं तर मला किती सोपं झालं असतं.
बाहेर सहीसाठी न्यायला आलेली जीप हॉर्न वाजवतेय. आले, म्हणून सांगितलंय. उठले नाही अजून.