हरिबामामांचे दोरे काढून लावलेल्या लेबलांबाबत

दि. १० एप्रिल २०२५

प्रति,
मा. प्राचार्य साहेब,
कै. सिद्धारामआप्पा विज्ञान महाविद्यालय,
ता. केज, जि. बीड.

विषय : प्रथम वर्ष सामान्य रसायनशास्त्र प्रात्यक्षिक परीक्षेपूर्वी प्रयोगशाळेतील बाटल्या तपासून मिळणेबाबत.

संदर्भ : १) तपासणी समितीची भेट, दि. २८ मार्च.
२) प्रयोगशाळा परिचर श्री. हरिबा यांची मला तोंडी सूचना. (जावक क्रमांक नाही.)

महोदय,

वरील संदर्भ क्र. २ ची सूचना अशी होती : “ताई, दोऱ्यावर भरवसा ठिवू नका. एकेक बाटली तपासून वहीत लिहून ठिवा. दोरा आज हाय, उद्या न्हाई. माझंबी तसंच.” मी हसून म्हणाले, “मामा, तुम्ही आहात तोवर वही कशाला?” ही चूक माझी आहे व ती मी सुरुवातीलाच मान्य करते.

आपणांस माहीत असेलच, आपल्या प्रयोगशाळेत आम्लाच्या वाफेने लेबले टिकत नाहीत. म्हणून हरिबामामांनी बाटल्यांच्या गळ्यात दोरे बांधले होते. लाल म्हणजे आम्ल, पिवळा म्हणजे अल्क, आणि दोरा नसेल ते ऊर्ध्वपातित पाणी. बावीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याचा हात भाजला नाही. समिती येण्याच्या आदल्या दिवशी मात्र कार्यालयास असे वाटले, की विज्ञानाच्या खोलीत बाटल्यांना गंडे-दोरे बांधलेले दिसणे बरे नव्हे. अंधश्रद्धा कात्रीने कापून काढण्यात आली आणि छापील लेबले लावण्यात आली. ती साठा नोंदवहीच्या क्रमाने लावली. बाटल्या मात्र मामांच्या क्रमाने होत्या. समितीने अक्षर सुबक असल्याचा शेरा दिला.

मी दि. ३ रोजी सरावास आले असता ‘हायड्रोक्लोरिक आम्ल’ या बाटलीने तांबडा लिटमस निळा केला. ‘ऊर्ध्वपातित पाणी’ या बाटलीने निळा तांबडा केला. त्या पाण्याचा थेंब ओढणीवर पडला, व धुतल्यावर तेथे भोक पडले. माझी मुलगी रुचिका अडीच वर्षांची आहे. तिच्यामुळे घरात फिनाईलसुद्धा पाण्याच्या बाटलीत भरू न देणारी मी बाई. येथे तर डोळ्यांत काही उडाले, तर मुले त्याच बाटलीतील पाण्याने डोळे धुणार आहेत.

मी कार्यालयात कळविले. श्री. गहिनीनाथ लिपिक म्हणाले, “म्याडम, समितीनं बघून सही केली. आता लेबल बदलायचं म्हन्जे समिती परत बोलवावी लागंल. चहा-नाष्टा तुमी करता का?” विभागप्रमुख सर म्हणाले, “तुम्ही एक अज्ञात क्षार ओळखायला बसणार ना? मग बाटल्याही ओळखा. जादा सराव होईल.”

परीक्षा दि. १७ रोजी आहे. बाळंतपणात माझे एवढे एकच प्रात्यक्षिक राहिले, आणि ही शेवटची संधी आहे. सासूबाई बसम्मा दुकानात गिऱ्हाइकांना सांगतात, “आमी मीठ जिभंवर ठिवून वळखायचो, हिला तीन वर्सं लागलेत.” तरी परीक्षा पुढे ढकलावी, अशी माझी मागणी नाही.

सरांचा सल्ला मी विनोद न समजता पाळला. सात दिवसांत एक्केचाळीस बाटल्यांपैकी चौतीस तपासल्या. यादी जोडली आहे. सात मला उमगल्या नाहीत. त्या फक्त मामांना ठाऊक आहेत, आणि मामांना “बोलवू तेव्हा या” असे सांगून दोऱ्यांच्या अपराधाबद्दल घरी पाठविले आहे.

मी गेल्या रविवारी रुचिकाला काखेत घेऊन नांदूरघाटला त्यांच्या घरी गेले होते. ते एकटे राहतात. दाराला आतून कडी होती. आतून म्हणाले, “कशाला आलात, ताई? लेबलं लागलेत न्हाई का आता? जावा, अभ्यास करा.” मग खोकला सुरू झाला, तो मी वेशीपर्यंत ऐकला. बावीस वर्षे बाटल्यांच्या वाफेत काढलेला खोकला आहे तो. शेजारच्या जानकीबाई दारात डबा ठेवतात. त्या म्हणाल्या, “पहिल्यांदा अर्धा तरी खायचे. आता भाकरी तशीच परत येती.” काल सकाळपासून मामांचा फोन बंद आहे. जानकीबाई बाहेरून विचारतात, त्यांना “बरा हाय” एवढेच उत्तर मिळते.

तरी साहेब, बाटल्यांचे राहू द्या, त्या सात मी बाजूला काढून ठेवीन. आपण स्वतः एकदा नांदूरघाटला जाऊन मामांना पाहून यावे. शिपाई पाठवू नये. माझ्या हाकेला कडी निघत नाही, साहेब आलेत म्हटल्यावर निघेल. जाताना सोबत जोडलेले दोरे घेऊन जावे. आणि ते उठून बसले की नाही, तेवढे मला फोनवर कळवावे.

आपली नम्र,
सौ. शिवांजली अमरनाथ तोडकर
(बहिःस्थ परीक्षार्थी)

सोबत :
१) चौतीस बाटल्यांची यादी
२) ओढणीचा तुकडा, भोकासह
३) कचरापेटीतून वेचलेले दोरे : लाल एकोणीस, पिवळे अकरा