मनगटपट्टीची वायर

प्रिय केयूर,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. पहिलं कोल्हापूरच्या लॉजवर, दुसरं एका टेम्पोत, आणि तिसऱ्याच्या पाठीवर मी गिऱ्हाइकाला प्रिंटरची वायर कुठं लावायची त्याचं चित्र काढून दिलं. सव्वा वर्ष असंच गेलं. फोन करता आला असता. केलेही दोन, पण तू उचलायच्या आत कापले. ते मिसकॉल माझेच.

फिरत फिरत गेल्या आठवड्यात इंदापुरात आलोय. स्टँडमागच्या एका दुरुस्तीच्या दुकानात लागलोय. मालक बरा आहे, फक्त चहात आलं इतकं टाकतो की सर्दी नसली तरी बरी होते. ते जाऊ दे. काल तुमच्या निरवांगीचा एक माणूस मोबाईलला काच बसवायला आला. सहज तुझं विचारलं. म्हणाला, "केयूर व्हय? त्यो आता कशालाच हात लावत न्हाय. आईच्या मोबाईलचं कवरसुद्धा भैनीकडनं बसवून घेतो. म्हणतो, माझ्या हातालाच दोष हाय." मी त्याची काच उलटी बसवली.

आपण दोघं कामाला होतो त्या बारामतीच्या दुकानातला नीळकंठतात्यांचा नियम तुला मी काय सांगणार? बोर्डाला हात लावायच्या आधी मनगटाला पट्टी, आणि तिच्या वायरचा चिमटा कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला, म्हणजे अंगातली वीज तिकडं उतरते. थंडीत स्वेटर काढताना अंगावर चट् होतं ना, त्याहून कमी वीज रॅमचा जीव घ्यायला पुरते, आणि रॅम कधीकधी लगेच मरत नाही, महिन्यानं मरते, म्हणायचे. "लगीन हुईस्तवर हेच मंगळसूत्र समजा रं." तू खरंच तसं समजायचास. जेवायला उठलास तरी पट्टी हातातच. मी तुला पट्टीवाला नवरदेव म्हणायचो. बोर्डाची कामं तुझी. माझ्याकडं की-बोर्ड पुसणं, आणि दर सोमवारी मीटर लावून पट्टीची वायर आतून तुटलेली नाही ना ते बघून कॅलेंडरवर टिक करणं. एवढंच.

त्या जानेवारीत मीटर लावतो म्हणून पट्टी खिशात टाकली आणि तसाच कळसला आत्याकडं निघून गेलो. आत्यानं येताना कोंबडा दिला. सुतळी सापडेना. मग कोंबड्याचे पाय पट्टीच्या त्या गुंडाळीच्या वायरनं बांधले आणि तो गाडीच्या हँडलला लटकवला. हसू नकोस. हस, खरं तर. प्रत्येक स्पीडब्रेकरला तो फडफडायचा आणि वायर हातभर लांब व्हायची. घरी बघितलं तर चिमट्यापाशी वायर पिळवटलेली, हाताला मऊ लागणारी. वर काळी टेप गुंडाळली आणि सोमवारी पट्टी तुझ्या खिळ्याला अडकवली. मीटर लावला असता तर कळलं असतं. म्हणूनच लावला नाही. टिक मात्र केली. पुढच्या सोमवारीही केली, त्याच्या पुढच्याही.

फेब्रुवारीत शाळेच्या बारा संगणकांत तू रॅम बसवलीस. नेताना सगळे चालू होते. महिन्याभरात सात बंद पडले. शाळेच्या बाई दुकानात येऊन बोलून गेल्या, आणि तात्यांनी तुला विचारलं, "पट्टी हाताला हुती का खिळ्याला?" तू म्हणालास, "हाताला हुती तात्या, आईशप्पथ. अव्याला इचारा." तात्या माझ्याकडं वळले. मी एक पुसलेला की-बोर्ड पुन्हा पुसत होतो. म्हणालो, "माझं लक्ष न्हवतं."

माझं लक्ष होतं, केयूर. पट्टी तुझ्या हातात होती. कॅलेंडर तात्यांच्या डोक्याच्या मागंच होतं, सगळ्या टिकांसकट. तात्या म्हणाले, "मग तुझ्या हातातच खोट हाय." तू पट्टी काढलीस, खिळ्याला नीट अडकवलीस आणि गेलास. मी ती पट्टी चोरून आणली. गावोगाव माझ्या पिशवीत होती. काल पहिल्यांदा तिला मीटर लावला. काटा हललाही नाही, वायर आतून तुटलेलीच.

आज सकाळी तात्यांना फोन करून सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "त्याला सांगितलंस का?" आणि फोन ठेवला. म्हणून हे चौथं पत्र. तुझ्या हाताला दोष नाही. कधीच नव्हता. सोबत ती वायर ठेवलीय, टेप काढून. तूच मीटर लाव आणि बघ.

थांब. बाहेर एक गाडी लागलीय. मागच्या सीटवर कॅबिनेट आहे, सुती धोतरात गुंडाळलेलं, वीज साठू नये म्हणून नायलॉनचा धागासुद्धा लागू न देता. असं बांधणारा सबंध तालुक्यात एकच माणूस. तूच आहेस. गाठ सोडतोयस. दुसऱ्याच्या हातानं मशीन उघडून घ्यायला आलायस, आणि आत मी बसलोय हे तुला माहीत नाही. दुकानाला मागचं दार आहे आणि माझ्या पायात चप्पलही आहे. पण काउंटरवर नवी पट्टी काढून ठेवलीय, आत्ताच मीटर लावून बघितलेली. तू आत आलास की तोंड उघडायच्या आधी हा कागद तुझ्या हातात देतो. वाचून काय म्हणायचं ते म्हण. मशीन मात्र तूच उघड.

तुझाच,
अव्या