चंद्रभानच्या डोक्यावरची अकराशे मुळं

सिंदी मेघे,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मेघास, अ. उ. आ.

हे फोनवर बोलता आलं नसतं. तुझ्या सासूबाई स्पीकर लावायला सांगतात. काल आमच्या क्लिनिकमध्ये केस लावून घ्यायला चंद्रभान आला होता. हो, तोच. टायफॉइडनं तुझे केस गेले तेव्हा साखरपुडा मोडून, टकली पोरगी आपल्याला नको म्हणून गावभर सांगत फिरलेला.

मास्कमुळे त्यानं मला ओळखलं नाही. आधी तो पालथा होता. डोक्याची मागची बाजू भादरून, सुया देऊन बधिर केली आणि डॉक्टरांनी तिथली केसांची मुळं एकेक करून काढली. ती मी थंड सलाइनच्या बशीत ठेवत होते. कोरडी पडली की मुळं मरतात, आणि मेलेली वरून ओळखू येत नाहीत. बशी थोडा वेळ दिव्याखाली तशीच राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. दोनदा मी घड्याळ पाहिलं. दोन्ही वेळा सलाइन ओतलं.

दुपारी तो उताणा, टक्क जागा. डॉक्टर पुढच्या बाजूला बारीक चिरा पाडून जेवायला गेले होते. चिमट्यानं मुळं बसवता बसवता मी हळूच सांगितलं की मी मेघाची बहीण. त्याच्या मानेची शीर उडायला लागली. अजून किती राहिलीत, असं त्यानं बारीक आवाजात विचारलं. मी म्हटलं, अकराशे, आणि डोकं हलवायचं नाही. ती सगळी मी नीट बसवली, मेघा. इतकी नीट क्वचितच बसली असतील.

पण घरी जाताना पेशंटला सूचना देणं माझं काम. धुवायचं कधी, निजायचं कसं, सगळं सांगितलं. एकच गाळलं: लावलेले केस तीन आठवड्यांत गळतात, मूळ आत जिवंत असतं आणि चौथ्या महिन्यात नवा केस येतो. डायरीत 'विसरले' असं लिहिलं, मग खोडलं. विसरले नव्हते. हे पाप केवढं, तूच सांग.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नको.
तुझी ताई

अल्लीपूर,
१५ फेब्रुवारी

ती. रूपालीताईस, सा. न. वि. वि.

पत्र गोठ्यात जाऊन वाचलं. एवढी हासली की म्हैस दचकली. तुले पाप मोजाची हौसच भारी! मी तर बशी उन्हात नेऊन ठेवली असती. मी आरशावर टॉवेल टाकून राह्यली सहा वर्षं, एक स्थळ आलं नाई. तो त्याच उन्हाळ्यात बँडपुढं नाचत लगनाले गेलता. चार महिने त्याले सोसू दे. काहीच सांगू नको.

तुझ्याच मायेत वाढलेली,
मेघा

सिंदी मेघे,
३ मार्च

चि. सौ. मेघास, अ. उ. आ.

काल तो आला. गळालेले केस कागदाच्या पुडीत बांधून. डॉक्टर नागपूरला गेले होते. मी त्याला काय केलं, असं विचारत होता. मी डोकं तपासलं. सगळं उत्तम होतं. तरी गप्प बसले. त्याचे डोळे भरले आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, आणि त्याचीच भीती वाटते. त्याला खरं सांगावं म्हणते. तुझ्या उत्तराची वाट पाहते आहे.

रागावलीस तरी पत्र धाडच.
ताई

अल्लीपूर,
८ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तो परवा इथंच आला. ओसरीवर सासूबाई आन् ह्यांच्यासमोर हात जोडले. म्हणे, माझं चुकलं, पण तुमच्या बहिणीनं डोक्यात काय घातलं तेवढं सांगा. मले त्याची कीव आली, खोटं काऊन सांगू? म्हटलं, ताईनं काहीच केलं नाई, चार महिन्यांत केस येतील. पोराची शपथ घेतली. त्याले पटलंच नाई. डॉक्टरानंही हेच सांगतलं म्हणे, पण ते आपल्या माणसाले सांभाळून घेणारच. जितकं समजावलं तितका रडत राह्यला. जाता जाता म्हणाला, तुमच्या जागी मी असतो तर सोडलं नसतं.

तू त्याले खुशाल फोन करजो, ताई. सगळं खरं खरं सांगजो.

लोभ आहे, तो असाच वाढता ठेव.
तुझी मेघा