दालचिनीच्या वासाचं घर

आई गं,

तुझ्या टेसाने इकडे मोंटानात घर घेतलं! घर म्हणजे गाडीमागे ओढायचा जुना ट्रेलर, माझ्याहून वयाने मोठा. पडदे पिवळे, शेगडीसुद्धा आहे. विकणाऱ्या आजींनी त्याच शेगडीवर दालचिनीची बिस्किटं भाजली होती. "खा गं पोरी, घर वासावरून निवडावं," म्हणाल्या. मी खातच बसले. काय झकास होती, आई!

त्या वासाखाली बुरशी दडली होती. काल पलंगामागच्या भिंतीत माझा अंगठा सरळ आत गेला. ट्रेलर उभे करायच्या इथल्या तळाचा रखवालदार अर्ल म्हणाला, "भिंत कसली, दुधात बुडवलेला पाव आहे हा! जरा बर्फ साचलं की छत तुझ्या उरावर."

मी ठीक आहे. मोज्यांवर मोजे घालून झोपते. आपल्या डस्टी कुत्र्याचा पाय बरा झाला का?

हा तळ महिनाअखेरीला बंद होतोय. हे धूड ओढत घाट चढायची माझ्या गाडीची ताकद नाही, माझीही उरली नाही. दुसरीकडे झोपायला जागा नाही. बाबा म्हणाले होते, मी बघितल्याशिवाय घेऊ नकोस. आता त्यांना ट्रक घेऊन पाठव गं. वाटभर मला रागावू देत, पण येऊ देत.

वाट पाहणारी,
टेसा