चार दात आणि तीन महिने

६ ऑक्टोबर, सोमवार
आदिलाबादला जाऊन आले. दातांचा डॉक्टर म्हणजे आपला हर्षदीप. नववीत गणितात मी दोनदा नापास केलेला. आज खुर्चीत मी आडवी आणि दिवा त्याच्या हातात. वरचे समोरचे चार दात नाहीत, असे त्याने मोजून सांगितले. मला मोजता येते.
इम्प्लांट करायचे ठरले. हाडात स्क्रू, त्यावर दात. हलत नाही, पडत नाही, वाटीत काढून ठेवावा लागत नाही. तोवर काढघालीची कवळी देऊ का, पंधरा दिवसांत होते, असे तो म्हणाला. कवळी म्हाताऱ्यांना, मी सांगितले. आमचे जुने मुख्याध्यापक केशवराव माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. दात बघावेत त्यांचे. पांढरे, एका रेषेत. शिस्तीचे दात.
अडचण एकच. रक्ताचा रिपोर्ट. तीन महिन्यांची सरासरी शुगर ८.९. सातच्या खाली आल्याशिवाय स्क्रू बसवणार नाही म्हणतो, जखम भरत नाही, हाड धरत नाही. माझी शुगर बॉर्डरवर असते, हे मी त्याच्या लक्षात आणून दिले. तो म्हणाला, मॅडम, बॉर्डर तिकडं पैनगंगेवर राह्यली, तुमी हैदराबादजवळ पोचून राह्यल्या.
अशा बोलण्यामुळेच नापास केला होता.

६ ऑक्टोबर, संध्याकाळ
हिशेब मांडला. २० जानेवारीला पुन्हा तपासणी. हाड चांगले असले तर स्क्रूवर त्याच आठवड्यात तात्पुरते दात चढवता येतात. २६ला शाळेची पन्नाशी. मुख्य भाषण माझे. बरोबर बसते.
पंधरा ऑगस्टला त्याच मंचावर मी बोलत होते आणि पहिलीतली एक मुलगी हसली. चंदा नाव. निवृत्तीपर्यंतच्या एकतीस वर्षांत माझ्यासमोर कोणी हसले नव्हते. भाषण अर्ध्यावर सोडून खाली बसले. तेव्हापासून चार लोकांत तोंड उघडलेले नाही. २६ला उघडायचे आहे. दातांसकट.

७ ऑक्टोबर
नियम. साखर बंद. भात एक वाटी. रोज चार किलोमीटर चालणे. गोळ्या घेणार नाही, सवय लागते. फळे चालतील. तक्ता करून फ्रिजवर लावला.
भगवानरावांनी चष्मा लावून वाचला. नवरा म्हणून त्यांनी पाठिंबा द्यायला हवा. म्हणाले, तक्ता काऊन लावला, इथं कोन शिकून राह्यलं?

९ ऑक्टोबर
समोरच्या दातांवाचून ज्वारीची भाकरी तोडता येत नाही. दुधात कुस्करली. नुसती बेचव लागते, म्हणून गुळाचा खडा. गूळ म्हणजे साखर नव्हे. तक्त्यात गूळ लिहिलेला नाही.

१४ ऑक्टोबर
नेरडीगोंड्याला भाचीकडे, रुपाकडे गेले होते. हायवेवर सीताफळांच्या टोपल्या मांडलेल्या. फळे नियमात बसतात. एक टोपली घेतली.

१६ ऑक्टोबर
सीताफळाला दात लागत नाहीत. नुसती जीभ पुरते. माझ्या परिस्थितीचा विचार निसर्गाने माणसांआधी केलेला दिसतो.
भांडी घासायला पंचफुला आली. ताटातल्या बिया पाहून म्हणाली, मॅडम, नातू आले का सुट्टीले? नातू आलेले नाहीत.

२१ ऑक्टोबर, दिवाळी
संयमाचा दिवस. चकली नाही, अनारसा नाही. दोन्ही कडक. शंकरपाळे चहात भिजवून, मोजून. किती मोजले ते आठवत नाही, पण मोजले होते. बेसनाचा लाडू शेवटी डाळीचाच.
चालणे नाही. सणाला बाई रस्त्याने हात हलवत चालली तर लोक विचारतात काय झाले.

३ नोव्हेंबर
भगवानराव जेवताना म्हणाले, दात नाईत म्हनून तू मऊ खाते. मऊ असते ते गोड असते. गोडानं शुगर वाढते. शुगर वाढली म्हनून दात नाईत. हे तं वर्तुळ झालं, आता याचा व्यास काढ.
त्यांना व्यास म्हणजे काय ठाऊक नाही. शिवाय वर्तुळाला सुरुवात नसते. म्हणजे चूक माझ्यापासून सुरू झाली हे सिद्धच होत नाही. हे त्यांना सांगितले. त्यांनी माझ्यासमोरची शेवयांच्या खिरीची वाटी उचलून स्वतः संपवली.

१९ नोव्हेंबर
चालणे सुरू केले होते. कापसाच्या गाड्यांनी रस्ता भरला आहे. सगळीकडे धूळ. कापूस संपला की पाहू.

१२ डिसेंबर
कापूस संपला नाही.

२ जानेवारी
नवीन वर्ष. शांतपणे विचार केला. रिपोर्ट तीन महिन्यांच्या सरासरीचा असतो. सरासरी म्हणजे सरासरी. शेवटचे दहा दिवस आकडा खूप खाली आणला की एकूण आकडा उतरणारच. उगाच तीन महिने जिवाला त्रास कशाला? गणित मी शिकवले आहे.
१० ते १९ जानेवारी. कारल्याचा रस, मेथी, ताक. बाकी काही नाही.

१० जानेवारी
कारल्याचा रस. पंचफुला म्हणाली, मॅडम, तोंड काऊन असं केलं, कोनी मेलं का?

१४ जानेवारी, संक्रांत
दहा दिवसांतून एक वजा केला, नऊ राहिले. सरासरीला फार फरक पडत नाही.
हळदीकुंकवाला अकरा घरे. तिळगूळ नाकारला तर वर्षभर तोंडे फिरतात. लाडू चावता येत नाहीत, म्हणून गालात ठेवून विरघळवले. चावल्याशिवाय ते खाणे होत नाही.

१५ जानेवारी
उरलेली घरे.

२० जानेवारी
९.४.
मशीन चुकले असेल, मी म्हणाले. हर्षदीपने दुसऱ्यांदा तपासायला लावले. ९.४.
दहा दिवस कारले पिऊन हा आकडा हलत नाही, असे त्याने समजावले. आधीचे सगळे रक्तात लिहिलेले असते. मग खाली बघून हळूच म्हणाला, मॅडम, तुमीच सांगत होत्या, शेवटच्या आठवड्यात घोकून कोनी पास होत नाई.
म्हणत होते.
पुढे म्हणाला, घरून कोणी सोबत आहे का? भगवानरावांना आत बोलावले, मला बाहेर बाकावर बसवले. मीही पालकांना असेच बोलावत असे. दारातून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. पालक माझ्या वेळी कधी हसत नसत.

२२ जानेवारी
भाषण लिहून केशवरावांकडे पाठवले. ते वाचणार. घसा बसला आहे, असे कळवले.
भगवानराव म्हणाले, घसा बसला म्हनते तं फोनवर मले बाजाराची यादी कशी सांगितली ओरडून? शुगरच्या गोळ्यांचे पाकीट त्यांनी परवाच माझ्या ताटाजवळ ठेवले आहे. दोन दिवस तिथेच आहे.

२६ जानेवारी
मंचावर बसले. पदर तोंडावर. मॅडम किती मऊ झाल्या, असे दोन पालक कुजबुजले. मला ऐकू येते.
केशवराव माइकजवळ गेले. आधी वाटलेल्या तिळाच्या चिक्कीचा तुकडा अडकला होता. त्यांनी सगळ्यांसमोर वरचे दात काढले. सगळे. एका रेषेत, पांढरे. माझ्या ग्लासात बुडवून झटकले, परत बसवले. मुले खो खो हसली. केशवरावही हसले. म्हणाले, अकरा वर्षं झाली रे पोरांनो या कवळीले, तुमच्या मॅडमलेही पत्ता नाई. मग माझे भाषण वाचले. एक शब्द अडखळला नाही. विषय शिस्त होता.
शेवटी सत्काराची फुले द्यायला चंदाला पाठवले होते. पंधरा ऑगस्टला हसलेली तीच. जवळ येऊन तिने वरचा ओठ वर केला आणि मला दात दाखवले. समोरचे दोन, नवे, करवतीसारख्या कडांचे. तेव्हा तिच्याही तोंडात फट होती म्हणे. माझी पाहून तिला आनंद झाला होता.
म्हणाली, मॅडम, माहे आले. तुमचे अजून नाई आले?
मी पदर खाली केला. तीन महिने लागतील, म्हटले.