उन्हात बसणारं गाव

१० एप्रिल १९८३, चिंचगड

पोचले. किनवटच्या पुढे घाट लागला तशी मी वळणं मोजत आले. अकरा भरली. सातव्या वळणापासून वाऱ्यानं तोंड भाजेनासं झालं. शेजारच्या बाईंनी विचारलं, माहेरला की सासरला. मी म्हटलं, कुठंच नाही, हवा बघायला आले. त्या एवढ्या हसल्या की मांडीवरची कोंबडी फडफडली.

पण मी खरंच हवा बघायला आले आहे. गेल्या मे महिन्यात अव्वा, माझी आई, अंगणात दोनदा चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, लातूरचा आणखी एक उन्हाळा यांना झेपणार नाही. लातूर जिल्हा झाल्यापासून तर नुसते ट्रक, बांधकामं आणि धुरळा. रस्ता रुंद झाला तेव्हा दारातला लिंब गेला. दोन वर्षं धड पाऊस नाही. आडात बादली सोडली की दगडावर आपटल्याचा आवाज येतो. अप्पांच्या मनात दुकान आणि घर दोन्ही डोंगरावर हलवायचं आहे. पण आधी कुणीतरी महिनाभर राहून हवा, पाणी, हिंडाफिरायची सोय सगळं बघायचं. नातेवाईक म्हणाले, गुरुपादप्पा, लेकीला एकटीला कसं धाडता? अप्पा म्हणाले, थर्मामीटर एकोणचाळीस दाखवत असला तर चाळीस न लिहिणारं आमच्या घरात हे एकच माणूस आहे.

निघताना त्यांनी जुना नियम पुन्हा सांगितला. मी शाळेत जायच्या आधी दुकानामागच्या अंगणात त्यांनीच मला शिकवलं, तेव्हाचा नियम. शिवलीला, पाहिलेलं आणि मोजलेलं लिही. ऐकलेलं लिहू नको.

राहायला धुरपताबाईंच्या घरातली पुढची खोली आहे. अप्पांची त्यांच्या मालकांशी जुनी ओळख. बाईंनी दारातच विचारलं, तुमच्या लातुरातलं ऊन सरलं का, आमचं खायला आलात? सहा वाजता ३१ अंश. खिडकीतून डोंगर दिसतो. अव्वाला इथं झोप लागेल.

१२ एप्रिल

सकाळी टेकडीवर जाऊन आले. सागाला एक पान नाही, त्यामुळे लांबवर दिसतं. पायवाटा रुंद आहेत. धाकट्या बहिणीला, मल्लीला, पळायला भरपूर जागा. ती नऊ वर्षांची झाली तरी लातुरात तिला दाराबाहेर सोडवत नाही.

उतरताना एक जुनी पायऱ्यांची विहीर लागली. पार कोरडी. काठावर चिंचेचं झाड मात्र हिरवंगार. त्याच्या सावलीत बसून भाकरी खाल्ली. वारा नव्हता तरी अंगाला गार लागत होतं, ओल्या दगडासारखा वास येत होता. पिशवीतून थर्मामीटर काढून दोनदा मोजलं. ३२ अंश. घरी येऊन ओसरीत लावला तर ३८. अप्पांना दोन्ही आकडे कळवीन.

या गावाची एक गंमत आहे. माणसं उन्हात बसतात. भर बाराला म्हातारे देवळाच्या उघड्या फरसावर बसून तंबाखू मळत होते. बायका अंगणाच्या मधोमध ज्वारी निवडत होत्या. शेरडंसुद्धा रस्त्यावर उन्हात उभी. चिंचेखाली कुणीच नाही, कुत्रंही नाही. धुरपताबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, दुष्काळाच्या सालात सावलीला बसू न्हाई. कारण विचारलं तर म्हणाल्या, हाय कारण.

१७ एप्रिल

रविवारचा बाजार. एकाही दुकानावर सावलीला पाल नाही. टमाटे, मिरच्या, माणसं, सगळं उन्हात. बांगडीवाल्यानं कपाळाचा घाम पुसत मला सांगितलं, ताई, सावली सोडून बोला, काय पायजे ते.

पोस्टमन नरसिंग पत्र घेऊन आले. पांढऱ्या मिशा, वर्षभरात निवृत्त होणार. ओसरीत या, पाणी घ्या म्हटलं. अंगणातूनच हात लांब करून पत्र दिलं आणि म्हणाले, पाणी हितंच आणून द्या बाई, मी उन्हातला माणूस.

लातूरला ४१, अप्पांनी लिहिलं आहे. इथं ओसरीत ३५.

२३ एप्रिल

ओसरीत ३० अंश. दुपारी दोन वाजता. थर्मामीटर बिघडला असं वाटून मागच्या पडवीत नेला. तिथं ३९. परत ओसरीत आणला, ३०. तीनदा केलं. यंत्र चोख आहे. कोपऱ्यातल्या माझ्या बसायच्या जागेपाशी हवाच गार आहे. तोच ओल्या दगडाचा वास.

धुरपताबाई बघत होत्या. त्यांनी विचारलं, आल्या आल्या भाकर कुठं खाल्ली होती? मी खरं ते सांगितलं. त्यांच्या हातातलं सूप खाली आलं. उठून अंगणात गेल्या आणि उन्हात उभ्या राहिल्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, तितंच थांब लेकरा.

अप्पांना कळवलं: ओसरीत ३०. ते खरंच आहे.

२८ एप्रिल

आज धुरपताबाईंनी अंगणातून सांगितलं, मी दारात उभी राहून ऐकलं. बाहत्तरच्या दुष्काळात त्यांचे मालक शेषेराव खडी फोडायच्या कामावर होते. एका दुपारी थकून विहिरीच्या चिंचेखाली बसले. घरी आले ते गार होऊन. त्यांना काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात उभे राहून मुलाला हाक मारली. मुलगा पळत आला, त्यांच्या सावलीत शिरला आणि तिथंच बसला. उठला नाही. सात वर्षांचा होता. बाई म्हणाल्या, माझ्या सोन्याचं अंग रांजणावानी गार पडलं होतं, वरतून ऊन मी म्हणत होतं.

शेषेराव डोंगरात निघून गेले. भाऊ शोधायला गेला. तोही आला नाही.

आणि म्हणाल्या, विहीर आटली की तिच्यातला गारवा कुठं जाईल? त्याला बी घर लागतं.

अप्पांना आज पत्र लिहायला बसले. हे लिहावं का? पाहिलेलं नाही. मोजलेलं नाही. फक्त आकडे लिहिले. खोलीत २७.

३ मे

सकाळी पूजेला बसले. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतलं. गळ्यातलं असतं ते, अंगाच्या उबेनं नेहमी कोमट लागतं. आज हात पोळावा इतकं गार होतं. मी घाबरून जवळजवळ सोडलंच होतं.

२४ अंश. बाहेर ४०. धुरपताबाई जेवणाचं ताट उंबऱ्यात ठेवून काठीनं आत सरकवतात. त्यांचा राग येत नाही.

७ मे

आज पाहिलं. म्हणून लिहिते.

संध्याकाळी पाचला अंगण ओलांडून जात होते. सूर्य पाठीमागे, माझी सावली पुढं लांब पडलेली. खुंटाला धुरपताबाईंचं करडू बांधलेलं. माझी सावली त्याच्यावरून गेली. ते ओरडलं नाही. पाय दुमडून बसलं आणि मान टाकली. मी हात लावला. गार. भर उन्हात, रांजणासारखं.

धुरपताबाईंनी पाहिलं. पदरानं तोंड दाबून उभ्या राहिल्या.

खोलीत २०. हे गेल्या चार दिवसांतलं सगळ्यात चांगलं हवामान. अप्पांना मी हेच लिहीत आले. जितकं ते माझ्या जवळ आलं, तितकी माझी पत्रं चांगली होत गेली.

१० मे

अप्पांचं पत्र. अव्वा पाच तारखेला पुन्हा पडली, अर्धा तास शुद्ध नव्हती. तुझे आकडे पाहिले, आता उशीर नको. सतराला निघतो, अठराला दुपारच्या गाडीनं पोचतो, तिघंही. खाली मल्लीनं मोठ्या अक्षरात लिहिलंय, अक्का मी तुझ्याजवळच बसणार.

तार करायची. नरसिंग काकांना हाक मारली. ते उन्हातून लांबून म्हणाले, मजकूर सांगा, मी लिवतो. सांगितलं: येऊ नका. पत्र येते. शिवलीला. पत्रात सगळं लिहिलं, ऐकलेलंही. पहिल्यांदाच.

१५ मे

उत्तर आलं. माझी पोरगी असं लिहील असं वाटलं नव्हतं, अप्पा म्हणतात. एकटं राहून मन हळवं झालंय. करडू उन्हानं मेलं असेल. तू मोजलेलं मी धरलं. ऐकीवावर मी घर हलवत नाही, ऐकीवावर थांबतही नाही.

माझाच नियम. त्यांचाच.

लपून राहिले तर? अप्पा शोधत येतील. मल्ली सगळ्यांच्या पुढं पळत येईल. शेषेरावांचा भाऊ असाच गेला.

त्यांना परत धाडायचं तर दाखवायला हवं. मोजून.

१६ मे

आठवलं. मी सहा वर्षांची असताना अप्पांनी अंगणात हातभर काठी रोवली होती. माझा पहिला धडा. मे महिन्यात एक दिवस असा येतो, की दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीला सावलीच उरत नाही. मी काठीभोवती फिरून फिरून सावली शोधली होती.

आज रोवली. सव्वाबाराला जोंधळ्याच्या दाण्याएवढी सावली. उद्या त्याहून कमी. अठराला नाहीच.

धुरपताबाईंना विचारलं. हाव, म्हणाल्या, त्या दिवशी थोडा वेळ कुणाला काय भ्या न्हाई.

गाडी बारा दहाला येते. सावली नसेल तेव्हा. थर्मामीटर हातात धरून उन्हात उभी राहीन. भर उन्हात दहा-बारा अंश. अप्पा बघतील. मग त्याच गाडीनं परत.

१७ मे

गाडी कधी वेळेवर येते का, नरसिंग काकांना विचारलं. म्हणाले, कधी पाच मिनिटं, कधी तास. डायवरच्या तब्येतीवर हाय.

ओल्या दगडाचा वास आता माझ्याच अंगाला.

१८ मे

साडेअकरा. गाडीतळ. मैदानाच्या पश्चिम टोकाला उभी आहे. वही हातात ठेवते. अप्पांना दाखवायला. काठी रोवली आहे. थर्मामीटर ११.

बारा. गाडी दिसत नाही.

बारा तेरा. काठीला सावली नाही. माझीही नाही. लोक मोकळेपणानं मैदानात आले आहेत. धुरपताबाई चालत माझ्यापाशी आल्या. डोक्यावर हात ठेवला. पंचवीस दिवसांनी कुणीतरी मला शिवलं. म्हणाल्या, तुजा हात बर्फ हाय गं लेकरा. रडल्या.

घाटात नवव्या वळणावर गाडी दिसली. उभी आहे. पुढचं झाकण उघडलंय. वाफ. इंजिन तापलं म्हणतात.

बारा तीस. काठीला दोन बोटं सावली, पूर्वेला. लोक पांगले. धुरपताबाई मागं मागं गेल्या, पाठ न फिरवता.

गाडी निघाली. दहावं वळण.

माझी सावली मोजली. तीन पावलं. काठीची दोन बोटं. पुन्हा मोजली. बरोबर आहे.

बारा त्रेपन्न. काठीची चार बोटं. माझी — सोळा पावलं. मी हलले. ती हलली नाही. गाडी थांबते त्या बाजूलाच —

गाडी आली. नरसिंग काका हात पसरून आडवे आले. अप्पा त्यांना बाजूला सारतात. अव्वा पायरीवर, तोंड लाल, पदरानं वारा घेतेय. मी ओरडले, उतरू नका, अप्पा, हे बघा, मोजलंय —

आवाज बसलाय. हात हलवला. मल्लीला वाटलं बोलावते.

अव्वा म्हणतेय, आहा, काय गार झुळूक आली गं.

मल्ली पळत येतेय. काठीची चार बोटंच आहे. माझी आता मल्लीच्या