सोमवारपासून गोळ्या बंद

४ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

हे अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नकोस. बाइंडिंगच्या कारखान्यात वह्यांचा गठ्ठा उचलला आणि उजवं मनगट मोडलं. पडले नाही, आपटले नाही. हाडाच्या डॉक्टरांनी विचारलं, औषधं कुठली चालू आहेत. फिटच्या गोळ्या, बाराव्या वर्षापासून, म्हटलं. ते म्हणाले, सव्वीस वर्षं या गोळ्या घेतल्यात, त्यांनी हाडं ठिसूळ झाली असणार. ताई, इतक्या वर्षांत एकानंही सांगितलं नाही गं! सहा वर्षांत फिट आलेली नाही. सोमवारपासून गोळ्या बंद केल्यात. ह्यांना सांगितलेलं नाही.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

तुझी धाकटी

८ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

वेडाबाई, आधी गोळी घे, मग पुढचं वाच. हात जोडते. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या एकाएकी तोडल्या तर फिट उसळून येते. हाडांची तपासणी होते, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देतात, गोळीही बदलता येते. पण डॉक्टरांनी, हळूहळू. शाळेच्या जिन्यावर तुझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हा मी चौदा वर्षांची. पुन्हा ते बघायची ताकद नाही माझ्यात. भांड माझ्याशी, पण गोळी घे. शनिवारी निघतेय.

माझ्यावर आहे तेवढी माया स्वतःवरही असू दे.

तुझी ताई

१० मार्च

ती. ताईंना सा. न.

तुमचं पत्र दुपारी आलं. ती सकाळीच न्हाणीघरात पडली होती. फिट थांबता थांबेना. उजवा खुबा मोडलाय, उद्या ऑपरेशन. गोळ्यांचं मला तुमच्या पत्रातून कळलं. रोज तिच्या शेजारी जेवतो मी, ताई! शनिवारची वाट बघू नका, असाल तशा निघा.

आपला,
धाकटीचा नवरा

२ मे

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून घर मुकं झालंय. गोळी थोडी थोडी बदलताहेत. तपासणीत हाडं सत्तरीच्या बाईची निघाली. हे म्हणाले, आता मलाच तुझ्या पाया पडावं लागणार. मी हसले, आणि मग मलाच रडू आवरेना. कारखान्यानं माझी जागा दुसरीला दिली. काल वॉकर धरून दारापर्यंत गेले. उंबरा दोन बोटं उंच, पण अर्धा तास पाय उचलला नाही. आज पुन्हा दाराशीच खुर्ची टाकून बसले आहे. तू आलीस की आत येऊ नकोस. आधी हात दे, मला बाहेर काढ.

लोभ आहेच, लवकर ये.

तुझी धाकटी